भोंग्याची बाई

बसस्टँडवर ज्यानं उभा जन्म लोकांना ओरडून जागं केलं, त्या माणसाचं खरं नाव कुणाच्याच लक्षात नव्हतं. सगळे त्याला भोंगा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं. फलाटांच्या वर काचेची एक खोली, खोलीत टेबल, टेबलावर माइक आणि माइकसमोर भोंगा. "प्र-वा-शां-नी इकडे लक्ष द्यावं," एवढं तो म्हणाला की खाली बाकड्यांवर पेंगणाऱ्यांच्या बरगड्यांत ते घुमायचं. कप तोंडाशी थांबायचे. रडणारी पोरं गप्प व्हायची, गप्प बसलेली रडायला लागायची. प्रत्येक घोषणा तो दोनदा करायचा. पहिली ऐकणाऱ्यांसाठी, दुसरी "काय म्हणाला, काय म्हणाला?" करणाऱ्यांसाठी.

ही खोड घरीही आली. "टॉवेल कुठेय? टॉवेल कुठेय?" बायको आतून म्हणायची, "अहो, मी एकटीच आहे फलाटावर. एकदा सांगितलं तरी गाडी चुकायची नाही माझी."

मग आवाज बसला. आधी सर्दी म्हणून सोडून दिलं, नंतर गाठ निघाली, आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. जीव वाचला. गळ्याला एक भोक राहिलं, त्यावर एक पातळ रुमाल, आणि त्या रुमालाआड एवढी मोठी शांतता की बायको सुरुवातीला मधूनच खोलीत डोकावून बघायची, आहे ना माणूस जागेवर.

पाटी-पेन्सिल आणून दिली होती. पण लिहिणं आणि बोलणं यांत फार अंतर असतं. समोरच्यानं काहीतरी मूर्खासारखं बोलावं, भोंग्याला त्यावर जालीम टोमणा सुचावा, त्यानं तो पाटीवर उतरवून वर करावा, तोवर गप्पा तिसऱ्याच गावाला पोचलेल्या. "हे कशाबद्दल?" असं कुणीतरी विचारायचं. गाडी सुटून गेल्यावर केलेली घोषणा ती. भोंग्याला बाकी सगळं सहन झालं, हे नाही. वेळेवर बोलणं हीच त्याची अख्खी नोकरी होती.

शेवटी दवाखान्यातल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी त्याच्या फोनवर एक अ‍ॅप टाकून दिलं. त्यात रिकामे चौकोन असायचे. चौकोनात वाक्य टाइप करून ठेवायचं, आणि हवं तेव्हा चौकोन दाबला की फोन बोलायचा. फक्त मराठीत आवाज एकच होता, तो बाईचा. त्यानं पहिला चौकोन दाबला तेव्हा फोन गोड, सपाट, बँकेतल्यासारख्या आवाजात म्हणाला, "मला. पाणी. हवे आहे."

"अगं बाई!" बायको दचकली. "ही कोण?" आणि मग कमरेवर हात ठेवून, "इतकी वर्षं संसार केला, आता म्हातारपणी घरात दुसरी बाई आणलीत होय? आणि वर हिनं मागितलं की पाणी मीच द्यायचं!"

त्या दिवसापासून तिचं नाव 'बाई' पडलं.

भोंग्यानं बाईला हाताशी धरलं. तिचा वेग कमी केला, आवाजाची पट्टी खाली आणली, पार रात्रपाळीच्या कंट्रोलरसारखी करून टाकली. वाक्यात स्वल्पविराम टाकला की बाई दम घेते, हे त्याला कळलं तेव्हा तर तो दिवसभर हसत होता. टोमणा मारायच्या आधी जो श्वास घ्यावा लागतो, तो आता टाइप करता येत होता. पानंच्या पानं भरली. घरचं पान, दवाखान्याचं पान, रिक्षावाल्यांचं पान, भांडणाचं पान. दारावर विक्रेता आला की चौकोन तयार असायचा: "मालक घरी नाहीत,,, मी त्यांची बाई बोलतेय." मुलगा नेहमी घाईत यायचा, त्याच्यासाठी: "ये, बस. घाई असेल तर,,, उभ्यानं बस."

मुलगा म्हणाला होता, "बाबा, हे सगळं क्लाउडवर टाकून ठेवू. फोन गेला तरी वर सेफ राहील."

पाटीवर प्रश्न आला: वर म्हणजे कुठे?

"वर म्हणजे... ढगात समजा."

भोंग्यानं शांतपणे नवा चौकोन टाइप केला, दाबला. "मी वर जाईन तेव्हा,,, बरोबर नेईन." विषय संपला. प्रत कुठेच राहिली नाही.

ज्या सकाळी बाई अडकली, त्या सकाळी तो तिचा आवाज थोडा मोठा करायच्या मागे होता. शेजारच्या निवृत्त पोस्टमनला कमी ऐकू यायचं आणि त्याच्यासाठी रचलेले टोमणे वाया जात होते. भोंगा सेटिंगमध्ये शिरला. एकदा सांगून कुणाला कळत नाही यावर त्याचा विश्वास. फोनलाही तो सगळं दोनदाच सांगायचा. इथे टकटक, तिथे टकटक. पहिल्या टकला पान उघडायचं, दुसरी टक त्या नव्या पानावर भलत्याच ठिकाणी पडायची. असं काय काय दाबलं गेलं कोण जाणे. चहा झाल्यावर त्यानं अ‍ॅप उघडलं, भांडणाचं पान समोर आलं, आणि फोन थिजला.

चौकोन सगळे दिसत होते. त्यातली वाक्यंसुद्धा वाचता येत होती. पण बोट टेकलं तरी काही हलत नव्हतं. माइकची वायर तुटावी आणि काचेमागून खाली जाणारी माणसं नुसती दिसत राहावीत, तसं झालं त्याला.

फोन बंद करून चालू करावा, तर बाजूचं बटण केव्हाच मेलेलं. जिन्यात फोन पडला होता तेव्हा बटण आत गेलं ते गेलंच, आणि काचेला कडेनं चरा. तेव्हापासून तो अंगठा टेकवून फोन उठवायचा.

मुलगा आला. उभ्यानंच फोन हातात घेतला. "हँग झालाय बाबा. सिंपल आहे. फॉरमॅट मारू, फ्रेश होऊन जाईल. माझ्या ऑफिसखाली आहे एक जण, लॅपटॉपला लावतो आणि झालं, चुटकीसरशी."

भोंग्यानं पाटी ओढली. माझी वाक्यं?

"वाक्यं काय, परत टाइप करायची. वेळच वेळ आहे की तुम्हाला."

भोंगा लिहायला लागला. किती काय काय लिहायचं होतं! ऑपरेशननंतरचे सगळे दिवस त्या चौकोनांत होते. कुठला स्वल्पविराम कुठे पडला की पोस्टमन आधी हसतो आणि मग चिडतो, हे शोधायला आठवडे गेले होते. ते आठवून पुन्हा कुणाला टाइप करता येतं का? पण त्याच्या दोन ओळी होईपर्यंत मुलगा आईला पार्किंगबद्दल सांगत होता. आवाज गेला तेव्हाही भोंगा इतका एकटा पडला नव्हता. ज्यानं 'नको' म्हणायचं, तेच थिजून बसलं होतं, आणि त्याच्याच बाबतीत निर्णय चालला होता.

त्यानं पाटी खाली ठेवली, मुलाच्या हातातून फोन काढून घेतला आणि सरळ दाराबाहेर पडला.

"अहो, थांबा!" बायको चपला शोधत होती. "तिथे जाऊन नुसते हातवारे करणार का? मी येते बोलायला!"

दुरुस्तीवालीचं दुकान लाँड्रीच्या शेजारी जिन्याखाली होतं. आत उभं राहिलं की डोक्याला पायऱ्या लागत. टेबलावर मोठा दिवा, चुंबकाच्या ताटलीत तांदळाएवढे स्क्रू, आणि ती कपाळावर भिंग चढवून, ओठांत एक स्क्रू धरून बसलेली. त्यामुळे तिचं बोलणं दातांच्या फटीतून यायचं. "फॉम्मॅट मायायचाय?"

भोंग्यानं दोन्ही हात फोनवर ठेवले.

तिनं स्क्रू काढला. "बरं बरं, नाही मारत. कसायाकडे आणल्यासारखं बघू नका काका."

मग बायकोनं सगळं सांगितलं, आणि सगळं म्हणजे सगळं: बाई कोण, बटण कसं मेलं, सेटिंगमध्ये टकटक कशी झाली, हे सगळं दोनदा का करतात, आणि याच माणसानं लग्नातसुद्धा होकार दोनदा दिला होता. तोवर मुलगाही गाडी लावून पोचला.

"रीसेट मारून टाका ना," तो म्हणाला.

"कुठलं?"

"कुठलं म्हणजे? रीसेट म्हणजे रीसेट."

"सगळे असंच म्हणतात." ती दिव्याखाली फोन फिरवत राहिली. "फोनला विसरायला लावणं म्हणजे रीसेट. पण किती विसरायला लावायचं? नुसता बंद करून चालू केला, तर हातात घेतलेलं काम तेवढं विसरतो. आपण स्वयंपाकघरात जातो आणि कशाला आलो ते आठवत नाही, तसं."

"ते माझं रोज होतं," बायको म्हणाली.

"पण घर तर विसरत नाही ना? तेच. आता तो ऐकतच नसेल तर दोन बटणं एकदम दाबून धरायची, म्हणजे कॉलर धरून उठवायचं. तरी विसरणं तेवढंच. त्याच्या खालची पायरी नेटवर्कची. मग तो रस्ते विसरतो, वायफायचे पासवर्ड वगैरे. पण घरातलं काही जात नाही."

भोंगा पुढे झुकला. रस्ते विसरलेली आणि प्रवासी शाबूत असलेली बस त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

"मग सेटिंगचं रीसेट. त्यात सवयी जातात. अक्षर केवढं, उजेड किती, आवाज कुणाचा, किती हळू. पण तुमचे फोटो, तुमची वाक्यं, सगळी माणसं जिथल्या तिथे. आणि तळाला फॅक्टरी रीसेट. तुमचा मुलगा म्हणतोय ते." तिनं मुलाकडे बघितलंही नाही. "ते झालं की फोन काकांकडे बघून म्हणतो, नमस्कार, तुमची भाषा निवडा. ओळखच नाही."

भोंग्याला आई आठवली. ती शेवटी शेवटी त्याला "तुम्ही कोण?" म्हणायची, पण चादरीची घडी मात्र कोपऱ्याला कोपरा जुळवून घालायची. तिची माणसं आधी गेली, सवयी राहिल्या. तिथे कुणाला काही ठरवता आलं नव्हतं. आणि इथे या हातभरही नसलेल्या वस्तूत कुणीतरी बसून ठरवलं होतं की आधी काम विसर, मग रस्ते, मग सवयी, आणि माणसं अगदी शेवटी, तेही दहादा विचारून. कुणाला सुचलं असेल हे? फोन रोज खिशात घेऊन तो हिंडला होता, आणि आत एवढे जिने आहेत याचा त्याला पत्ता नव्हता.

"काकांचा पहिल्याच पायरीवर अडलाय," ती म्हणाली. "बटणच नाही. उघडून बॅटरीची पट्टी सोडवता येते, पण हा काचेच्या बाजूनं उघडतो आणि काचेला चरा आहे. तुटली तर या मॉडेलची काच आता मिळत नाही. मग वाक्यं आत, आपण बाहेर."

"मग?" मुलगा म्हणाला.

"मग काही करायचं नाही. बॅटरी उतरू द्यायची. उतरली की मरेल, मग चार्जिंगला लावला की उठेल. बहुतेक."

"बहुतेक?"

"बहुतेक. मी दुरुस्तीवाली आहे, ज्योतिषी नाही. घरी चार्जिंगला लावू नका, विझला की घेऊन या."

फोन घरी जेवणाच्या टेबलावर ठेवला गेला. भोंग्यानं तो सकाळीच पूर्ण भरला होता, आणि थिजलेल्या पडद्यावर बॅटरी तशीच भरलेली दिसत होती, घड्याळही चहाच्या वेळेवर अडकलेलं. किती उरलीय, हे कळायला मार्ग नाही. आयुष्यभर ज्यानं लोकांना गाडी कधी येणार ते सांगितलं, तो आता बाकड्यावरचा प्रवासी झाला होता. बायको येता-जाता बोलायची. "पडदे धुवायला काढते हं." मग क्षणभर थांबायची, टोमण्याची जागा मोकळी सोडून. काहीच आलं नाही की तीच चिडायची, "आता काय, मनात म्हणालात ना काहीतरी?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, भोंगा बघत असतानाच, फोन विझला. ना आवाज, ना इशारा. भांडणाचं पान होतं आणि मग नव्हतं. काळ्या काचेत त्याला स्वतःचं तोंड दिसलं, रुमालासकट. तो किती तरी वेळ टेबलावर बोटं वाजवत राहिला तेव्हा कुठे बायकोला कळलं की हाक मारतोय.

दुकानात वायर लावली. तिघं वाकून बसले. मुलगाही आला होता, आणि या वेळी बसला होता. काहीच नाही. अजून काहीच नाही. मग फोन खोल घशातून खाकरावं तसा थरथरला आणि पांढरं चिन्ह उजळलं.

"उठला!" बायको ओरडली.

भोंग्यानं अंगठा टेकवला. अ‍ॅप उघडलं, चौकोनांचं पान झळकलं आणि लगेच मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. बाई दार उघडून तोंड दाखवायची आणि आत पळायची.

"आवाजाचं काहीतरी बिघडवून ठेवलंय तुम्ही," दुरुस्तीवाली म्हणाली. "आवाज सापडत नाही म्हणून अ‍ॅप उभंच राहत नाही. त्यामुळे प्रतही काढता येईना." तिनं सेटिंगची पानं उलटली, परत आली, पुन्हा गेली. कपाळावरचं भिंग खाली आलं. "नाही सापडत. सवयीच्या पायरीवर उतरावं लागणार."

पडद्यावर दोन ओळी आल्या, एकीखाली एक. 'सर्व सेटिंग रीसेट करा.' 'सर्व डेटा मिटवा.' दोन्हींच्या मध्ये नखाएवढी जागा.

मुलाच्या तोंडून हळूच निघालं, "बाप रे. किती जवळ."

दुरुस्तीवालीनं बोट पुढे केलं. भोंग्यानं तिचा हात बाजूला केला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं: मी.

"चालेल. पण काका," ती त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "एकदाच. काय? दुसरी टक मारायची नाही."

बोट वर तरंगलं. जे बोट आयुष्यात कधी थांबलं नव्हतं ते थांबलं. भोंग्यानं वरच्या ओळीवर टेकवलं आणि उचललं, आणि दुसऱ्या हातानं त्या बोटाचं मनगट घट्ट पकडून ठेवलं. खात्री आहे का, असं फोननं विचारलं. पुन्हा एक टक. पुन्हा मनगट. पडदा काळा झाला.

लाँड्रीतली इस्त्री शेजारी फुसफुसत होती.

फोन उजळला तो इतका की डोळे दिपले. अक्षर मुंगीएवढं. मागचं चित्र कारखान्यातलं, कुठलंसं निळं तळं. भोंग्याची एकही सवय राहिली नव्हती. त्यानं अ‍ॅप उघडलं. पान उघडलं. आणि उघडंच राहिलं. चौकोन, चौकोन, चौकोन. सगळे. स्वल्पविरामांसकट.

भोंगा नुसता बघत बसला. डोळ्यांदेखत मेला होता तो फोन. काळा, थंड, वीटभर काच. आणि एवढे शब्द तेवढा वेळ कुठे होते? अंधारात कोण धरून बसलं होतं त्यांना? चौकोन दाबायचं भानच त्याला राहिलं नाही.

"बाबा, बोला ना!" मुलगा म्हणाला.

भोंग्यानं मुलाचाच चौकोन दाबला. बाई सवयी विसरली होती, उंच पट्टीत, भरधाव सुटली: "येबसघाईअसेलतरउभ्यानंबस."

मुलगा हसता हसता वाकला. दुरुस्तीवालीनं हात पुढे केला, "आता प्रत काढू का?" आणि भोंग्यानं दोनदा मान हलवली. प्रत निघाली. तरी त्याचं समाधान होईना. एकेक चौकोन बोलतोय का ते बघायलाच हवं होतं. त्यानं ओळीनं दाबायला सुरुवात केली. जिन्याखालून दवाखाना, रिक्षा, भांडण असं सगळं रस्त्यावर ऐकू जाऊ लागलं. लाँड्रीवाला दारात येऊन उभा राहिला. दोन शाळकरी मुली थांबल्या. बाई कुणालाही सोडत नव्हती.

शेवटी एक पान उरलं. भोंगा तिथे थांबला, पानाकडे बघितलं, फोन थोडा आपल्याकडे वळवला.

"ते कुठलं?" बायको वाकली. मुंगीएवढं अक्षर तिला दिसेना. "दाबा की. तेच बिघडलं असेल तर?"

त्याचा नाइलाज झाला. दाबलं.

"आजभाजीझकासझालीहोती," बाई म्हणाली. त्याच दमात पुढचा चौकोन: "तूदमलीसबसजरा." पुढचा: "दवाखान्याततूहोतीसम्हणूनमीपरतआलो."

लाँड्रीवाला आत गेला. दुरुस्तीवाली ताटलीतले स्क्रू उगाच इकडचे तिकडे करू लागली.

"हे कधीचं लिहिलंय?" बायको म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "एकदाही ऐकलं नाही मी. दाबलं का नाहीत कधी?"

याचं उत्तर कुठल्याच चौकोनात नव्हतं. भोंगा टाइप करू लागला. अक्षर बारीक, बोट जाड. एक शब्द व्हायचा, दोन खोडायचे. मुलानं घड्याळ बघितलं. "आई, चल, घरी जाऊन..."

"थांब रे," ती म्हणाली. "ते बोलतायत."

सगळे थांबले. फोनच्या पडद्यावर ओळ हळूहळू वाढत गेली. बायको शब्दही न बोलता उभी होती. असं ती इतका वेळ कधी उभी राहिल्याचं मुलाला आठवत नव्हतं. शेवटी भोंग्यानं दाबलं, एकदाच.

"दाबायलाबोटनेलंकीतुझंपुढचंसुरूव्हायचं."

बायकोनं तोंड उघडलं. भोंग्यानं बोट वर केलं: थांब, अजून आहे. तिनं तोंड मिटलं, स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसली. तो पुढचं टाइप करू लागला.